शनिवारचं तेलपाणी

तिने प्लास्टिकचं पातं बटणाखाली सरकवलं, मनगट किंचित वळवलं, आणि टक् करून बटण सुटं झालं. खाली धूळ असायला हवी होती. या मॉडेलमध्ये धूळच असते. नखाच्या टोकावर मावेल एवढा कण, आणि तेवढ्यावर अख्ख्या लॅपटॉपचं घोडं अडतं. आज मात्र तिथे काहीतरी चकाकत होतं. तिने करंगळीचं टोक लावलं आणि नाकाशी नेलं. मशीनचं तेल.

शेजारचं बटण काढलं. तिथेही तेल. त्याच्या शेजारच्या बटणाखाली तर तळंच साचलं होतं. घालणाऱ्याने हात म्हणून राखला नव्हता. तिने पातं खाली ठेवलं आणि काचेतून बाहेर पाहिलं.

बाहेर काउंटरशी मास्तर उभे होते आणि मॅनेजरला कंपनीच्या नावाने लिहिलेलं आपलं तिसरं पत्र वाचून दाखवत होते. पत्र चार पानी होतं. मॅनेजर दुसऱ्या पानावरच गळाला होता, पण मास्तरांच्या वर्गातून मध्येच उठून जाण्याची सोय नव्हती. अडतीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता. टाइपरायटर गेले, क्लास गेला, आवाज मात्र बावीस मशीनच्या खडखडाटावरून मागच्या बाकापर्यंत पोचेल असाच राहिला. आता ते शिकणाऱ्यांसाठी धड्यांचं पुस्तक लिहीत होते. नव्वद धडे. बासष्टाव्या धड्यावर कीबोर्डने तिसऱ्यांदा मान टाकली होती.

"तुमच्या कंपनीने लॅपटॉप पापडासारखा पातळ केला," मास्तर वाचत होते, "तेव्हा पातळ करून द्या असं कोणी म्हटलं होतं, त्या इसमाचं नाव कळवावे."

मॅनेजरने खाली बघून हसू दाबलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोरचा फॉर्म मात्र वाईट होता. फॉर्मवर एक रकाना होता, बिघाडाचं कारण. त्यात 'धूळ' लिहिलं तर कंपनी कीबोर्ड फुकट बदलून देत असे, कारण धुळीचा दोष आपला आहे हे कंपनीला मनातून ठाऊक होतं. 'द्रव' लिहिलं की विषय संपला. आणि कीबोर्ड म्हणजे नुसता कीबोर्ड नव्हता. बटणांखालचा सांगाडा वरच्या पत्र्याला कायमचा ठोकलेला, त्या पत्र्याला बॅटरी चिकटवलेली. एक बटण बिघडलं की अर्धा लॅपटॉप बदलायचा. हे ज्याच्या सुपीक डोक्यातून निघालं, त्याला कधीतरी या टेबलाशी आठवडाभर बसवावं असं तिला फार वाटे.

रकाना भरायचं काम तिचं होतं. आज तिच्या पेनावर मास्तरांचे उरलेले एकोणतीस धडे अवलंबून होते, आणि तेल तर करंगळीला अजून लागलेलं होतं. हात पुसून, पातं खिशात टाकून ती बाहेर आली.

"या, इंजिनीयरबाई," मास्तर म्हणाले. ती इंजिनीयर नव्हती, तिचा डिप्लोमा होता. पण मास्तरांनी एकदा पदवी दिली की ते ती परत घेत नसत. "काय म्हणतो आमचा पेशंट?"

"बघतेय अजून. मधल्या ओळीतली बटणं चिकटतायत."

"चिकटणारच. बोटाला खाली जायला जागा हवी ना. आमच्या मशीनचं बटण कसं, अर्धा इंच खाली जायचं. बोटाला कळायचं की अक्षर उमटलं. हे म्हणजे टेबलावर टिचक्या मारत बसायचं. परवा मुलीला फोनवर म्हटलं, अगं, तू दिलेला लॅपटॉप छान आहे, फक्त त्यावर लिहिता येत नाही."

मागच्या खुर्चीवर मास्तरांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. दुकानात त्या सहसा बोलत नसत. मास्तर दोघांच्या वाटणीचं बोलत. पण आज त्यांचं लक्ष तिच्या खिशातून डोकावणाऱ्या पात्याकडे गेलं होतं.

"हे प्लास्टिकचं का गं?"

"हो काकू. लोखंडाच्या पात्याने ओरखडे पडतात."

"शहाणपणाचं आहे." काकूंनी ते हातात घेतलं, अंगठ्यावर वाकवून पाहिलं आणि परत दिलं. "मी लोखंडाचं वापरायचे, पण टोकाला कापडी पट्टी गुंडाळून. बावीसच्या बावीस मशीन माझ्याकडे होत्या. हे शिकवायचे, मी उघडायचे. शनिवारी दुपारी क्लास बंद, की मी आणि माझी तेलाची डबी. परीक्षेत आमचं मशीन कधी अडलं नाही. एकदाही नाही."

"बाहेरून मिस्त्री बोलवावा लागला नाही कधी," मास्तर म्हणाले. आपल्या क्लासचा निकाल सांगतानाही त्यांचा आवाज इतका फुलला नसेल.

"शनिवार आला की अजून हात शिवशिवतात," काकू म्हणाल्या. "तेलपाणी केल्याशिवाय—"

मास्तरांना एकदम खोकला आला. बराच मोठा, ऐटदार खोकला. तो संपायच्या आतच त्यांनी पत्राचं तिसरं पान उघडलं आणि मॅनेजरला पुन्हा धारेवर धरलं. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पत्राकडे बघत होते, पण डोळे ओळींवरून फिरत नव्हते.

ती आत आली आणि टेबलाशी बसली. सगळा उलगडा झाला होता, आणि झाला नसता तर बरं, असं तिला वाटत होतं. पहिल्या वेळी धूळच होती. तिने स्वतः भिंगाखाली मास्तरांना दाखवली होती. दुसऱ्या वेळी थोडा वास आला होता, पण तिला वाटलं हाताला चोळायचं काही मलम असेल. म्हातारी माणसं लावतात काहीबाही. तेव्हाही तिने 'धूळ'च लिहिलं होतं.

काचेच्या खिडकीवर टकटक झाली. तिने काच सरकवली. काकू पाणी प्यायला पलीकडे गेल्या होत्या. मास्तरांनी डोकं खिडकीतून जवळजवळ आत घातलं. त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"तेल आहे ना?"

तिने मान हलवली.

"लिहा मग. फॉर्मवर खरं काय ते लिहा, माझी ना नाही. फक्त तिच्यासमोर वाचू नका."

"मास्तर, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या वेळेपासून."

"आणि तरी कंपनीला चार पानी पत्र लिहिलंत?"

"मग कोणाला लिहू? तिला?"

मास्तरांनी एकदा मागे पाहून घेतलं. काकू पेला खाली ठेवत होत्या.

"आणि पत्रात खोटं एक अक्षर नाही," ते घाईने म्हणाले. "थेंबभर तेल सोसत नाही, उघडून पुसता येत नाही, ही काय मशीन झाली? तिच्या हातून आयुष्यात एक मशीन बिघडलं नाही. या वयात तिला हे सांगायचं का मी? कीबोर्डचं काय, जाऊ दे. राहिलेले धडे हाताने लिहीन."

मास्तर आयुष्यात कशालाही 'जाऊ दे' म्हणाले नसावेत. नव्वद धडे छापलेले बघायचे म्हणून ते वर्षभर या दुकानाच्या पायऱ्या झिजवत होते. ते सगळं त्यांनी असं एका वाक्यात बाजूला ठेवलं.

तिने फॉर्म ओढला. 'धूळ' लिहायला हात पुढे झाला होता, नाही असं नाही. पण काढलेला भाग कंपनीकडे परत जातो, आणि कंपनीतल्या माणसालाही नाक असतं. तिने 'तेल' लिहिलं. मग खाली 'इतर शेरा' नावाचा रकाना होता. इथल्या सात वर्षांत त्यात कोणी काही लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने त्यात लिहिलं : 'देखभालीसाठी घातलेले तेल. बटणांखालचा भाग उघडून पुसण्याची सोय यंत्रात नाही. असायला हवी होती.' खाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी.

मॅनेजरने फॉर्म वाचला, शेरा दोनदा वाचला, आणि शिक्का मारला. "सवलतीत बसत नाही, मास्तर," एवढंच तो म्हणाला. मग त्याने खांदे पाडले आणि भडिमाराची वाट बघत राहिला.

"बरं," मास्तर म्हणाले, आणि पत्राची घडी घालून खिशात टाकली. "चल गं. कंपनीने हात वर केले."

बटणं परत बसवलेला लॅपटॉप पिशवीत घालून काकूंनी पिशवी उचलली. कारण विचारलं नाही. मॅनेजर मात्र बराच वेळ दाराकडे बघत राहिला.

ती दोघं पायऱ्या उतरून कोपऱ्यापर्यंत पोचली असतील, तेव्हा ती मागून धावत गेली.

"मास्तर, लॅपटॉपला बाहेरून दुसरा कीबोर्ड जोडता येतो. वायरने. माझ्याकडे घरी एक पडून आहे. शनिवारी आणते. लॅपटॉप नुसता पडद्यासारखा मागे ठेवायचा."

"तोही असाच पापड?"

"नाही. वीट आहे."

शनिवारी दुपारी टॉवेलात गुंडाळलेली ती वीट घेऊन ती त्यांच्या घरी गेली. कीबोर्ड तिच्या पहिल्या कॉम्प्युटरचा होता. डिप्लोमाची तीन वर्षं तिने त्याच्यावर काढली होती. पुढे कॉम्प्युटर भंगारात गेला, कीबोर्ड फेकवला नाही. रंग पिवळट पडलेला, पण प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग, आणि बटण बोटाखाली चांगलं खोल जाणारं.

टेबल खिडकीशी होतं. त्यावर एकाच उंचीची चार जाड पुस्तकं मांडून मास्तरांनी लॅपटॉपसाठी चौथरा तयार ठेवला होता. तिने वायर जोडली. मास्तर बसले, पाठ ताठ केली, मनगटं उचलली आणि एक ओळ टाइप केली. खोलीभर खडखडाट झाला. मास्तर थांबले, तिच्याकडे वळून पाहिलं, आणि पुन्हा तीच ओळ टाइप केली.

"शेजारी तक्रार करतील," काकू म्हणाल्या.

"करू देत. चार पानी करू देत."

"काकू, याला खाली स्क्रू आहेत," ती म्हणाली. "सगळं उघडतं. बटणंही निघतात, नुसती वर ओढायची. आणि याच्या स्प्रिंगला तेल चालतं. टोकाने, एकेक थेंब. लोक मुद्दाम घालतात."

मास्तरांची बोटं थांबली. काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे. मग त्या उठल्या, कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जुनी पत्र्याची डबी काढली, लांब चोचीची, आणि टेबलावर स्वच्छ धुतलेलं फडकं अंथरलं.

"सरका," त्या मास्तरांना म्हणाल्या.

मास्तर सरकले. काकूंनी कीबोर्ड फडक्यावर घेतला आणि बटणं काढायला सुरुवात केली. एकेक बटण निघे आणि फडक्यावर ओळीने जाऊन बसे. हात सावकाश चालत होते, पण एकही बटण दोनदा उचलावं लागत नव्हतं. ती बघत राहिली. दुकानात नव्याने येणाऱ्यांना हे शिकवताना तिच्या नाकी नऊ येत.

अर्धी बटणं निघाल्यावर मास्तर पुढे झाले. त्यांनी फडक्यावरून एक बटण उचललं, मुठीत झाकलं आणि वरची बाजू फक्त काकूंना दाखवली.

"हे कुठल्या बोटाचं?"

"डावी करंगळी, मधली ओळ," काकू एक नजर टाकून म्हणाल्या.

"हे?"

"उजवी तर्जनी, वरची ओळ. अहो, काम करू द्या."

"आणि हे?"

"डावी अनामिका, खालची ओळ. परीक्षा घेताय का माझी?"

"घेतोय," मास्तर म्हणाले.

आणि खरंच घेतली. एक सोडलं नाही. शेवटी काकूंनी प्रत्येक स्प्रिंगला एकेक थेंब तेल घालून रिकाम्या सांगाड्यात सगळी बटणं न चुकता परत बसवली, तेव्हा मास्तरांनी खुर्चीच्या पाठीला टेकून इतका लांब श्वास सोडला की तिला हसू आलं. स्वतःच्या बायकोची तोंडी परीक्षा घेणारा मास्तर तिने पहिल्यांदाच बघितला होता. शंभरपैकी शंभर, असं ते म्हणाले, आणि कोणीही न सांगता सगळ्यांसाठी चहा करायला स्वयंपाकघरात गेले.

चहा कडू झाला होता. तिघांनी तो संपवला. मग मास्तर बासष्टाव्या धड्याला बसले आणि काकू तिला दारापर्यंत सोडायला आल्या. बाहेर जिन्यात उजेड होता. काकूंनी दार मागे अर्धवट ओढून घेतलं.

"त्या लॅपटॉपला तेल बाधलं ना?"

ती चपलेचा पट्टा लावत होती. तशीच वाकून राहिली.

"मला माहीत आहे, बाळ. दुसऱ्या वेळचं माझंच. नवा कीबोर्ड बसवून आणला, आणि नव्या मशीनला पहिलं तेल लागतंच, म्हणून घातलं. महिन्याच्या आत तो बिघडला. तुमच्याकडून परत आणला तेव्हा हे माझ्याशी इतकं गोड बोलायला लागले, की मी काय ते ओळखलं."

"मग तुम्ही पुन्हा का घातलंत, काकू?"

"नाही घातलं. त्या दिवसापासून डबी कपाटात. एक थेंब नाही."

ती सरळ उभी राहिली. बटणांखाली साचलेलं ते तळं तिला आठवलं. काकूंना एकेक थेंब घालताना तिने आत्ताच पाहिलं होतं.

"मी शनिवारी नुसती बसून राहायला लागले, ते यांच्या नजरेत आलं," काकू म्हणाल्या. "माझी थोरली बहीण शेवटी सगळं विसरली. आधी शनिवारचा उपास विसरली, मग स्वयंपाक, मग मला. आम्ही दोघांनी तिचं केलं, शेवटपर्यंत. यांना वाटलं, आता माझी पाळी आली, आणि ते मला कळू नये. एका शनिवारी मी आतून आले, तर डबी टेबलावर, फडकं अंथरलेलं, आणि बटणं तेलाने निथळतायत. म्हणाले, अगं, किती छान केलंस, पण डबी आत ठेवायची राहिली बघ."

"त्यांना ठाऊक होतं, तेलाने कीबोर्ड जाईल म्हणून."

"होतं ना. नुसती डबी बाहेर ठेवली असती तरी भागलं असतं. पण अर्धवट काम यांना जमत नाही." काकू हसल्या. डोळे भरले होते, पण हसू खरं होतं. "मी सांगितलं असतं, की मी विसरत नाही, मुद्दाम थांबले. पण मग का थांबले तेही सांगावं लागलं असतं. आणि यांना कंपनीशी भांडायला कारण उरलं नसतं. त्या पत्रांनी तब्येत किती सुधारली होती ते तू पाहिलंस ना?"

आतून खडखडाट चालू होता. एका लयीत, मध्ये जराही न अडखळता. काकू कान देऊन ऐकत होत्या.

"आज मघाशी सगळी बटणं विचारून घेतली माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "आता झोप लागेल त्यांना."

तिने काकूंचा हात हातात घेतला. बोटांना तेलाचा वास होता.

"फॉर्मवर काय लिहिलंस तू?" काकूंनी विचारलं.

"तेल."

"कोणाच्या हातचं, ते नाही ना लिहिलं?"

"तसा रकाना नाही, काकू."

"बरं आहे," काकू म्हणाल्या, आणि आवाज होऊ न देता दार ढकलून आत गेल्या.